पाळी गेली म्हणजे शरीरसुखही संपलं? मेनोपॉजबद्दल या गोष्टी माहीत हव्यात

सलग १२ महिने पाळी आली नाही, की त्याला मेनोपॉज म्हणजेच रजोनिवृत्ती म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. 'सुटले एकदाची' असं बायका म्हणतात. पण बदललेल्या शरीराविषयी आणि नवऱ्यासोबतच्या संबंधांविषयी सहसा कोणी बोलत नाही.

शरीरात काय होतं?

अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन कमी होतं. चरबी पोटावर साठते, केस विरळ होतात. योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. त्यामुळे संबंधाच्या वेळी जळजळ होते, दुखतं. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत कमी होतात. कोरडेपणा मात्र उपचारांशिवाय सहसा जात नाही.

इच्छा का कमी होते?

फक्त हार्मोन्समुळे नाही. अपुरी झोप, मधुमेह, काही औषधं आणि 'आता मी चांगली दिसत नाही' ही भावनाही कारण असते. दुखेल म्हणून बाई टाळते आणि नवऱ्याला वाटतं, तिला आपण नकोसे झालो. बोलल्याशिवाय हा गैरसमज सुटत नाही.

गर्भपिशवी काढली तर?

बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. गर्भपिशवी काढली की पाळी थांबते. पण अंडाशय ठेवले असतील, तर हार्मोन्स तयार होत राहतात. दोन्ही अंडाशय काढले, तर मात्र तिशीतही लगेच मेनोपॉज येतो आणि त्रास जास्त होतो. म्हणून ऑपरेशनआधी 'अंडाशय ठेवणार का?' हे विचारायलाच हवं.

उपाय काय?

• संबंधाच्या वेळी लुब्रिकंट, एरवी योनीसाठीचं मॉइश्चरायझर. कंडोमसोबत तेल वापरू नका, कंडोम फाटू शकतो.
• डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम. स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर आधी सांगा.
• पाळी अनियमित असली तरी गर्भ राहू शकतो. पन्नाशीनंतर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, त्याआधी दोन वर्षं गर्भनिरोधक वापरा.

कुठे जायचं?

मुळशी तालुक्यात सुरुवात गावातल्या आशाताईपासून किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयापासून करता येते. पुढच्या तपासणीसाठी पुण्यात ससून आहे.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थोडंसंही रक्त दिसलं, तर 'पाळी परत आली' समजून थांबू नका. लगेच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ते कॅन्सरचं लक्षण असू शकतं.