नाणेघाटात पळताना बैल आठवला

परवा कुणीतरी विचारलं, "तू घाटवाटांवर पीएचडी करतेस म्हणजे नक्की काय करतेस?" खरं उत्तर असं की मी बहुतेक वेळ संगणकासमोर बसते, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी त्या वाटांवर पळायला जाते. पळणं हा माझा छंद आहे, त्याला संशोधन म्हणायची माझी तयारी नव्हती. पण जुन्नर ते नाणेघाट या एका पळण्यानं माझ्या प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण मला परत लिहायला लावलं. आजचा लेख त्याबद्दल.

आधी वाट समजून घेऊ. जुन्नर हे सातवाहन काळातलं मोठं गाव. त्याच्या भोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी इथे मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. देणगीदारांत व्यापारी, कारागीर यांच्या जोडीला स्वतःला 'यवन' म्हणवणारे लोकही आहेत. एवढा पैसा या खोऱ्यात आला, कारण जुन्नरहून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर सह्याद्रीची धार एका अरुंद खिंडीत तुटते आणि खाली कोकण लागतं. ती खिंड म्हणजे नाणेघाट. पायथ्याच्या वैशाखरे गावातून वाट पुढे कल्याण-सोपाऱ्याकडे जाते. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ही दोन्ही बंदरं आहेत आणि देशावरची पैठण-तेर ही गावंही आहेत. या दोन टोकांना जोडणाऱ्या मोजक्या वाटांपैकी ही एक.

आता माझं प्रकरण. संगणकावर जुनी वाट शोधायची एक रूढ पद्धत आहे. डोंगराच्या उंचसखलपणाचा नकाशा घ्यायचा आणि कुठून गेलं तर सगळ्यात कमी वेळ लागेल ते काढायचं. त्यासाठी वॉल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाचं 1993 सालचं सूत्र बहुतेक जण वापरतात. ते सांगतं की माणूस सपाटीवर ताशी साधारण 5 किलोमीटर चालतो आणि अगदी हलक्या उतारावर 6. शंभर मीटरमागे तीस मीटर चढ असेल तर वेग पावणेदोनवर येतो, तेवढाच उतार असेल तर अडीचवर. मी हे सगळं भरलं, वाट काढली आणि खुशीत लिहून टाकलं की जुन्नरहून निघालेला व्यापारी दिवसभरात घाटमाथ्यावर पोचत असे.

त्या रविवारी पहाटे जुन्नरहून निघाले. पहिला टप्पा मजेत गेला. डावी-उजवीकडे डोंगर आणि मध्ये माणिकडोह धरणाचं पाणी. कुकडी नदीचा जुना काठ त्या पाण्याखाली गेलाय, त्यामुळे आजचा रस्ता जलाशयाच्या कडेनं वळसे घेत जातो. चावंड किल्ल्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ऊन चढलं. कुकडेश्वराच्या मंदिरापाशी माझ्या दोन्ही बाटल्या संपल्या. तिथे हापशावर बाटल्या भरताना एक आजीबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "कुठं निघालीस गं एवढी धावत?"

म्हटलं, "नाणेघाटात."

"कोण मागं लागलंय का?"

मी हसून सांगितलं की जुन्या वाटेचा अभ्यास करते, किती वेळ लागतो ते बघतेय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मोकळ्या अंगानं काय कळणार? पाठीवर गोणी घे, मग सांग."

पुढचे सगळे किलोमीटर माझ्या डोक्यात तेच वाक्य होतं. टोबलरचं सूत्र मोकळ्या अंगानं चालणाऱ्या माणसाचं आहे. माझ्या वाटेवरचा प्रवासी मात्र बैल होता, दोन्ही अंगांना गोणी लादलेला. तो किती चालायचा? पुढच्या काळातल्या वंजारी तांड्यांची चाल बघितली तर दिवसाला फार तर दहा-बारा किलोमीटर, कारण बैलाला वाटेत चरायचंही असतं. या हिशेबानं जुन्नर ते घाटमाथा हा एका दिवसाचा रस्ता राहत नाही. तीन दिवस आणि मध्ये दोन रात्री होतात. मग प्रश्नच बदलतो. 'सगळ्यात जवळची वाट कुठली?' हा माझा प्रश्न होता. तांडेवाल्याचा प्रश्न 'आज रात्री पाणी आणि चारा कुठे?' असा असणार.

जवळची वाट ज्याला हवी असे, असा एक प्रवासी इतिहासात आहे, तो म्हणजे निरोप नेणारा. मराठेशाहीत पत्रं घेऊन जासूदजोड्या पळत. एक आजारी पडला, मारला गेला, तरी दुसऱ्यानं पत्र पोचवायचं, म्हणून दोघं. त्यांना कुठलीही नाळ, कुठलीही चोरवाट चाले. माझ्या संगणकानं काढलेली वाट जासुदाची होती. मी ती बैलाच्या नावावर खपवत होते.

घाटमाथ्यावर पोचले तेव्हा पाय बोलत होते. तिथली गुहा तुम्ही फोटोत पाहिली असेल. चौकोनी खोली, तीन बाजूंना बाकं आणि भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आता वरची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाहेर वाटेच्या कडेला तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकत, असं प्रत्येक जण सांगतो. मीही तसंच लिहिलं होतं, आणि आमच्या सरांनी त्या वाक्याभोवती लाल गोल करून फक्त 'कशावरून?' एवढंच लिहिलं होतं.

म्हणून या वेळी लेखाच्या वाचनाची प्रत सोबत नेली होती. भिंतीसमोर बसून ओळ न ओळ लावून पाहिली. सुरुवातीला देवतांना नमन आहे, मग यज्ञांची यादी आणि दिलेली दक्षिणा. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. एका ठिकाणी आकडा 24,400 आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या लिखित अंकांपैकी हे अंक. पण जकात? एक शब्द नाही. लेखातली नाणी राजघराण्यानं दिलेली आहेत, वाटसरूंकडून घेतलेली नाहीत. घाटात जकात नसेलच असं मी म्हणत नाही. इतक्या वर्दळीच्या खिंडीत ती नसती तरच नवल. पण रांजण तिचा पुरावा होत नाही. वाक्य काढून टाकलं.

गुहेच्या आसपास पाण्याची टाकी आहेत. आधी दोनदा येऊन मी त्यांचे फोटो काढून पुढे गेले होते. या वेळी घसा कोरडा होता, म्हणून थांबले. इथे पावसाळ्यात धो धो कोसळतं, पण व्यापाराचा हंगाम पाऊस संपल्यावरचा, आणि तेव्हा माथ्यावरचं पाणी केव्हाच खाली वाहून गेलेलं असतं. कातळात टाकं खोदलं तरच ते टिकणार. यातल्या एका टाक्याचा लेख अगदी छोटा आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानं दिलेलं हे टाकं, बस्स. दुसऱ्या एका टाक्याच्या लेखात दामघोष हे नाव येतं. राणीच्या लेखावर ग्रंथ लिहिले गेले. गोविंददासाला बहुतेक वेळा तळटीप मिळते. पण समुद्रकाठचा हा माणूस आपला पैसा घाटाच्या डोक्यावर, पाण्यावर खर्च करतो. मला तरी वाटतं, चढून आल्यावर तहान कशी लागते हे त्याला चांगलं माहीत असणार.

आता माझ्या प्रकरणाची मांडणी अशी आहे: आधी पाण्याच्या जागा, मग मुक्काम, आणि त्यांना जोडणारी वाट सगळ्यात शेवटी. सूत्रही बदलावं लागलं, कारण लादलेल्या बैलाला चढापेक्षा उतार अवघड. फरसबंदीवरून वैशाखऱ्याकडे उतरताना माझे गुडघेही तेच सांगत होते.

तुम्ही कधी गेलात तर रांजणाचा फोटो काढाच, सगळे काढतात. मग दोन मिनिटं टाक्यापाशी थांबा. आणि पळत जाणार असाल तर दोन बाटल्या पुरत नाहीत. मी तीन नेते आता.