मुलकी आणि गैरमुलकी

आमचे डोंगरकडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१९ च्या मुलकी नियमांनुसार तेथील सरकारी नोकरीसाठी उमेदवार जन्माने संस्थानचा प्रजाजन असावा, नाहीतर त्याचे १५ वर्षांचे वास्तव्य असावे लागे. शेजारच्या अहमदनगरचा मराठी माणूसही 'गैरमुलकी' ठरे.

स्थानिक तरुणांना संधी मिळावी ही चिंता रास्तच होती. तथापि १९५० साली राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत जन्मस्थान वा निवासावरून भेदभाव निषिद्ध केला. निवासाची अट घालण्याचा अधिकार राज्यांना नव्हे, केवळ संसदेला दिला. १९५७ च्या कायद्याने संसदेने अशा अटी रद्द केल्या. तेलंगणापुरता ठेवलेला अपवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये अवैध ठरविला.

आज आपलीही मुले परराज्यांत नोकरी करतात. दारी आलेल्यास परका म्हणताना आपण त्यांना आठवावे.