साष्टीची जुनी माणसे

बोरिवलीला आमच्या चाळीमागे एक गावठाण होते. दिवाळीचा फराळ झाला की आई एक ताट झाकून माझ्या हाती देई आणि तेथल्या एका आजींकडे धाडी. आजी लुगडे नेसत, विहिरीवर अस्सल मराठीत भांडत आणि रविवारी चर्चमध्ये जात. एकदा मी आगाऊपणाने विचारले, "आजी, तुम्ही इकडे कुठून आलात?" आजी हसल्या. "आम्ही कुठून येणार, बाळा? आम्ही इथलेच. तुझे आजोबा कुठून आले, ते आधी सांग!"

आजोबा आले होते रत्नागिरीहून. मी ताट ठेवून निमूटपणे परतलो. पण तो प्रश्न पुढे मला साष्टीच्या डोंगरांतून हिंडवीत राहिला.

वाचकहो, आपली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे म्हणजे जुने साष्टी बेट. बोरिवलीच्या अंगणातच कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कल्याण आणि सोपाऱ्याच्या दात्यांची नावे तेथील शिलालेखांत आहेत. त्याच लेण्यांत पारशी प्रवाशांनी 1009 आणि 1021 साली पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. परक्या धर्माच्या पाहुण्यांनाही तेथे थांबावेसे वाटले, याची ही दगडातली साक्ष.

दहिसर नदीजवळच्या मंडपेश्वराची कथा मात्र इतकी गोड नाही. हे मूळचे शैव लेणे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. पुढे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या लेण्याचे चर्च केले, आणि एका शैव शिल्पाच्या जागी क्रूस कोरला गेला. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांची येथली सत्ता संपली. आज तेथे पुन्हा महादेवाची पूजा होते, माथ्यावर जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत, आणि क्रूसही आहे. हे सारे सलोख्यानेच घडले, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही.

पण खरे नवल पुढे आहे. याच पोर्तुगीजांनी 1511 साली मलाक्का घेतले. तेथल्या ख्रिस्ती वंशजांची 'क्रिस्तांग' ही पोर्तुगीज वळणाची बोली आजही काही घरांत ऐकू येते. आपल्याकडे चौलजवळच्या कोर्लईतही तशी बोली टिकली आहे. साष्टीत मात्र दोनशे वर्षांचा अंमल होऊनही घरातली भाषा मराठीच राहिली. देव बदलला, आडनावे बदलली. जात्यावरची आणि लग्नातली गाणी मराठीच राहिली.

मग या मंडळींना 'ईस्ट इंडियन' का म्हणतात? गोवा-मंगळूरहून ख्रिस्ती लोक मुंबईत नोकरीसाठी येऊ लागले. त्यांच्यापासून आपली ओळख वेगळी राहावी, म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, 1887 मध्ये, येथल्या लोकांनी जुन्या कंपनीच्या नावावरून हे नाव घेतले. गंमत अशी, की भूमिपुत्रांनी स्वतःस ओळखू यावे म्हणून परक्या कंपनीचे नाव लावले!

त्यांच्या लग्नात 'उंबराचे पाणी' असते: बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात. ऑक्टोबरात 'आगेरा' येतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद घेतात. आपल्याकडेही नव्या धान्याची पूजा होतेच. पाऊस सरला, भात पिकले, की कृतज्ञ व्हावे, हे कुठल्या एका धर्माने शिकविलेले नाही. ते शेताने शिकविले आहे.

आता शेते गेली, विहीर बुजली, चाळीच्या जागी मजल्यांवर मजले चढले. आजीही नाहीत. पण आगेऱ्यानंतर त्यांची नात दोन लोंब्या आणून देते आणि त्या मी दारावरच्या तोरणात खोवतो. परवा शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या मुलाने मला विचारले, "आजोबा, त्या ताई कुठल्या हो?"

म्हटले, "त्या इथल्याच. आपणच मागाहून आलो. चल, हे फराळाचे ताट त्यांना देऊन ये."