शब्दवेध : ‘ग्राम’ कोणता?

मनीषनगरातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर ‘ग्राम निगेटिव्ह’ वाचलं, की गाव आठवतं किंवा वजनाचा ग्रॅम. पण हे आडनाव आहे. डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिस्तियन ग्राम यांनी १८८४ मध्ये बर्लिनमधून जंतू रंगवून ओळखण्याची पद्धत जगापुढे मांडली. मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची, शंका आली की कमरेच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळवतात. मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल आणि शेवटी लालसर सॅफ्रॅनिन. न्यूमोकोकस या जंतूची जोडी जांभळीच राहते, मेनिंगोकोकस या जंतूची गुलाबी होते, म्हणजेच ‘ग्राम निगेटिव्ह’. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, दिवस-दोन दिवस लागतात. इथे मिनिटांत दिशा कळते. जंतू दिसले नाहीत, तरी आजार नाही असं मात्र समजू नये. या आजारात प्रत्येक तास मोलाचा असतो, म्हणून हे आडनाव कृतज्ञतेनं घ्यावं.