आभासी चलन : कर, कायदा आणि सामान्य खातेदार

बिटकॉइन, इथर यांसारख्या आभासी चलनांना भारतात वैध चलनाचा दर्जा नाही. मात्र ती बाळगणे वा विकणे हा गुन्हाही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द ठरवले. त्यानंतर वेसण आली ती करकायद्याच्या वाटेने. तिचा जाच बड्या दलालांपेक्षा पगारातून महिना दोन-पाच हजार बाजूला टाकणाऱ्या माणसाला अधिक होतो, कारण त्याच्या पदरी मुनीम नसतो.

२०२२ च्या अर्थसंकल्पाने या चलनांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव देऊन १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लावला. खरेदीची किंमत सोडली तर कोणताही खर्च वजा होत नाही. बाजारमंचाचे शुल्कही नाही. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेत असले तरी हा कर चुकत नाही. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही या तरतुदी कायम ठेवण्यात आल्या.

खरी मेख आहे ती तोट्याच्या तरतुदीत. समजा, एक चलन एक लाखाला घेऊन १ लाख ६० हजारांना विकले आणि त्याच वर्षी दुसरे एक लाखाला घेऊन ४० हजारांना विकले. हाती काहीच उरले नाही. तरीही कर द्यायचा तो पहिल्या व्यवहारातील ६० हजारांवर, म्हणजे उपकरासह १८ हजार ७२० रुपये. दुसऱ्या व्यवहारातला तोटा त्यातून वळता होत नाही आणि पुढील वर्षीही नेता येत नाही. समभागांच्या गुंतवणूकदाराला या दोन्ही सवलती आहेत. ही विषमता न्याय्य आहे, असे म्हणणे कठीण आहे. पण कायदा बदलत नाही तोवर वर्षाअखेरच्या शिलकेवरून कराचा अंदाज बांधू नये. प्रत्येक विक्रीचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो. एक चलन देऊन दुसरे घेणे हीदेखील विक्रीच. ‘बँकेत रुपया आला नाही, मग कर कसला?’ हा समज अनेकांना महागात पडला आहे.

१ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का उद्गम करकपात होते. वरील उदाहरणात दोन्ही विक्री मिळून दोन हजार रुपये कापले जातील. हा जादा कर नव्हे. फॉर्म २६ एएसमध्ये ती रक्कम दिसते का, हे पाहून विवरणपत्रात तिची वजावट मागावी. बाजारमंचाविना थेट दुसऱ्या व्यक्तीकडून खरेदी केल्यास ही कपात करून सरकारजमा करण्याचे दायित्व खरेदीदारावर येते. सर्वसाधारण नोकरदारासाठी वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना त्यातून सूट आहे.

अशा थेट व्यवहारांत आणखी एक धोका संभवतो. समोरच्याने पाठवलेली रक्कम कुणाच्या फसवणुकीतून आलेली असली, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक आपले खाते गोठवू शकते. तक्रार बहुधा परराज्यातल्या ठाण्यात नोंदलेली असते. अशा वेळी बँकेकडून तक्रार क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव लेखी मागून घ्यावे. चलन कोणाला, केव्हा, किती दिले याचा पुरावाच तेथे कामी येतो. अनोळखी माणसाशी चार पैसे जास्त मिळतात म्हणून व्यवहार करू नये, हे बरे.

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हे बाजारमंच मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी व ग्राहकांची ओळख-पडताळणी बंधनकारक झाली. नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी मंचांना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची संकेतस्थळे भारतात रोखण्यात आली. नोंदणी म्हणजे ठेवविमा मात्र नव्हे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय मंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी चलने चोरीस गेली आणि खातेदारांची चलने वर्षभराहून अधिक काळ अडकून पडली.

मंच बंद पडला की जुन्या व्यवहारांची यादीही हाताबाहेर जाते. विवरणपत्राच्या ‘व्हीडीए’ परिशिष्टात खरेदी व विक्रीची तारीख, किंमत आणि प्रत्येक व्यवहारातील उत्पन्न भरावे लागते. म्हणून दर तिमाहीस ही यादी उतरवून आपल्या संगणकात आणि एक प्रत कागदावर ठेवावी.