दासीपुत्राचा बाप : आधी वर्णाने नाकारला, मग कायद्याने

लग्नाशिवाय जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, हा प्रश्न या देशात कधीच नुसता रक्ताचा नव्हता. तो वर्णाचा आणि जमिनीचा होता.

विज्ञानेश्वराची मिताक्षरा काढून बघा. शूद्राला दासीपासून झालेला मुलगा बापाच्या इच्छेने हिस्सा घेऊ शकतो. बाप मेल्यावर औरस भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा. पण बाप द्विज असेल तर? मग बापाची इच्छा असली तरी हिस्सा नाही. मुलगा आज्ञेत राहिला तर पोटापुरते मिळेल, बस्स! याला कोणी शूद्रांवरची मेहेरबानी म्हणेल. मला ती सवर्णांच्या मिळकतीभोवती घातलेली भिंत वाटते. दासी कुणाच्या घरात राबत होत्या आणि त्यांची मुले कुणाची होती, हे सांगायला पंडित लागत नाही.

इंग्रजी न्यायालयांनी हाच नियम 'हिंदू लॉ' म्हणून उचलला. त्यामुळे मुलाचा हक्क ठरवण्याआधी बापाचा वर्ण ठरवावा लागे. बापाच्या बाजूचे लोक 'आम्ही क्षत्रिय' म्हणत, मुलाच्या बाजूचे 'तुम्ही शूद्र' म्हणत. मराठे क्षत्रिय की शूद्र, याचा खल मुंबई उच्च न्यायालयाला 1928 साली करावा लागला.

आपल्या बाजूला चित्र आणखी काळे. मुरळ्या, जोगतिणी देवाला सोडल्या जात, त्यांत आपल्याच वस्त्यांतल्या मुली जास्त. मुलांचे बाप गावात उजळ माथ्याने फिरत. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून याविरुद्ध आवाज उठवला. 1934 च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवदासीचे लग्न आणि त्या लग्नाची संतती वैध ठरवली. लग्नाविना झालेल्या मुलाचा बाप मात्र तिथेही सुटला.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जीव ओतला आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे 1955-56 मध्ये बिलाचे तुकडे करून कायदे झाले. त्यातल्या वारसा कायद्याने अनौरस मुलाचे नाते फक्त आईशी आणि तिच्या इतर अनौरस मुलांशी जोडले. वर्णभेद गेला खरा, पण कसा? ब्राह्मणाच्या दासीपुत्राला हिस्सा देऊन नव्हे, शूद्राच्या दासीपुत्राचाही काढून घेऊन! उरली ती पोटगी. 1976 च्या दुरुस्तीने आणि 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रद्दबातल लग्नाच्या मुलांना आईबापाच्या मिळकतीत वाटा मिळाला. जिथे लग्न झालेच नाही, तिथे तो निकाल पोचत नाही.

आता बापाची बाजू. 1956 च्या पालकत्व कायद्यात अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आई, तिच्यानंतर बाप. आईला पहिला मान हे योग्यच. नऊ महिने वाहिले तिने, बदनामीही तिनेच सोसली. पण जो बाप 'हे मूल माझे' म्हणून स्वतः पुढे येतो, त्याच्यासाठी हिंदू कायद्यात नोंदणीची सरळ वाट नाही. आपण बौद्ध झालो तरी हेच कायदे आपल्याला लागू आहेत. मुलाच्या नात्याचा वाद असेल तर नाशिकच्या बापाला कौटुंबिक न्यायालयात दावा लावायचा, पुरावे द्यायचे, तारखा मोजायच्या. आई दुसऱ्याची विवाहित बायको असेल तर कायदा तिच्या नवऱ्यालाच बाप मानतो, अपवाद फार थोडे. उलट गोव्यात पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेने बापाला जन्मनोंदीत, दस्तात किंवा मृत्युपत्रात मूल आपले म्हणून कबूल करायची सोय दिली. वसाहतवाल्यांचे गोडवे मी गात नाही, पण ही वाट तिथे होती आणि आपल्याकडे नाही, हे खरेच.

आणि आपल्या पोरांसाठी खरी अडचण जातीच्या दाखल्यावर येते. तिथे वडिलांकडचे पुरावे मागतात, अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये आंतरजातीय विवाहाच्या बाबतीत सांगितले की मूल आपोआप बापाच्याच जातीचे ठरत नाही. ते कुठल्या समाजात वाढले, काय भोगले हे पाहा. त्या आधारावर आईच्या बाजूने दाखला मिळवता येतो. पण बाप आपल्या समाजाचा, आई दुसऱ्या समाजाची आणि लग्न झालेले नाही, अशा मुलाला आधी बाप सिद्ध करावा लागतो. तेव्हा बाप जिवंत आणि राजी असेल, तर त्याचे कबुलीपत्र रजिस्टर करून ठेवा, जन्मनोंदीत आणि शाळेच्या दाखल्यात नाव लावून घ्या. त्याने पितृत्व अंतिम ठरत नाही, पण पुढे न्यायालयात हाच कागद कामी येतो.