अनारसा, मांडा आणि नानकटाई

भोर व वेल्हे यांच्या डोंगरांतून येणाऱ्या वेळवंडी नदीवर भाटघर येथें जें धरण आहे, त्याचा उल्लेख पाटबंधाऱ्यांच्या इतिहासांत हमखास येतो. परंतु त्याचा स्वयंपाकघराशीं संबंध कोणी जोडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. धरणाच्या वरच्या अंगास जोराच्या पावसाचा, भाताचा मुलूख. खालच्या अंगास नीरेचे कालवे व त्यांवरील बारामती, इंदापूर, माळशिरस इकडचा ऊंस. एकोणिसाव्या शतकांतील पहिलें धरण अपुरें पडल्यावर दुसरें मोठें धरण 1927 सालीं पुरें झालें, आणि पुढील दशकांत कालव्यांवरील उंसाच्या आधारानें माळीनगर व वालचंदनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. वर तांदूळ, खालीं गूळ-साखर. या दोहोंचा संगम म्हणजे अनारसा. तेव्हां अशीं पक्वान्नें करण्यांत माणसास आनंद कां वाटतो, या प्रश्नाचा विचार भाटघरापासून आरंभिला तर तें अप्रस्तुत होणार नाहीं.

खावयास मिळतें म्हणून करण्याची हौस, हें उत्तर सहज सुचतें. पण तें पुरें पडत नाहीं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलावें लागतें. मग ते सावलींत निथळून ओलसर असतांनाच कुटावयाचे, पीठ चाळून गुळांत मळावयाचें, आणि तो गोळा कांहीं दिवस मुरत ठेवावयाचा. इतकें करून यशाची हमी नाहीं. खसखशीवर थापलेला अनारसा तुपांत सोडला कीं तो उलटावयाचा नसतो; झाऱ्यानें तूप उडवीत वाट पाहावयाची. जाळी पडली तर कष्टांचें सार्थक. नाहीं तर तो कढईंतच विरून पसरतो, आणि बायका म्हणतात, 'अनारसा हंसला'. आमटी बिघडली तर मीठ-मसाल्यानें सांवरतां येते. भाजलेलें वा तळलेलें पिष्टान्न सांवरतां येत नाहीं. वस्तु आपल्या हातून सुटून अग्नीच्या हातीं जाते, त्या क्षणीं मनास जी उत्सुकता लागते तिच्यांतच या कलेची गोडी आहे, असें आम्हांस वाटतें.

ही हौस जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मंडक, म्हणजे मांडे, आले आहेत. हातावर वाढवीत वस्त्रासारखा पातळ केलेला मांडा पालथ्या खापरावर भाजणें सवयीच्या हातासच साधतें. याच मांड्यांविषयींची मुक्ताबाईची आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. विसोबाच्या आडकाठीमुळें तिला खापर मिळेना, तेव्हां ज्ञानदेवांनीं योगबलानें आपली पाठ तापविली व तिच्यावर तिनें मांडे भाजले. इतिहास म्हणून ही कथा कोणी न स्वीकारो. परंतु तिचें मर्म ध्यानांत घेण्याजोगें आहे. वाळीत पडलेल्या भावंडांना नाकारलें गेलें तें धान्य नव्हे, तर भाजण्याचें साधन.

हाच प्रश्न पुढें दुसऱ्या रूपानें उभा राहिला. पोर्तुगीजांनीं गोव्यांत पाव आणला. परंतु तो ताडीनें आंबविलेला व परक्याच्या हातचा, म्हणून सोंवळ्या घरांत त्यास मज्जाव होता. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. टिळक, रानडे व गोखले हेही तेथें होते. जमलेल्यांचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, व कित्येकांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें. बिस्किटाकरितां एवढें ग्रामण्य माजावें याचें आज हंसूं येतें. ज्यांनीं तें भोगलें त्यांस येत नव्हतें.

या तंट्याचा खरा निकाल पंडितांनीं नव्हे, गृहिणींनीं लाविला. नानकटाईचें मूळ सुरतेच्या डच भटारखान्यांत असून पुढें पारशी भटाऱ्यांनीं ती चालविली, असें सांगतात. मैदा, तूप व पिठीसाखर हेंच तिचें मुख्य साहित्य; ताडी नाहीं, अंडें नाहीं. अडचण होती ती भट्टीची. ती अशी सुटली, कीं तूप घरीं फेंसावें, पीठ आपल्या हातीं मळावें, आणि डबा घेऊन गांवांतील बेकरीवर जावें. दिवाळीच्या आधीं तेथें गर्दी होई. भट्टीवाला कोणत्याही धर्माचा असो, आपली नानकटाई फुलली कीं नाहीं हें पाहण्यास घरचें माणूस दाराशीं उभें असे. अशा रीतीनें परक्या भट्टींतला जिन्नस करंजी-अनारशांच्या पंक्तीस फराळाच्या ताटांत येऊन बसला.

येथें कोणी आक्षेप घेईल, कीं हा आनंद दुरून वर्णिलेला आहे; चुलीपुढें बसणारीस तो कितपत होता? आक्षेप खोटा नाहीं. अधिक मासांत जांवयास तेहतीस अनारसे द्यावयाचे म्हणून ते तळणें ही पुष्कळ घरीं सक्तीच होती, आणि रोजच्या भाकरीस हौस कोणी म्हणत नाहीं. परंतु आज अनेक घरांत विजेचे ओव्हन आले आहेत, आणि ज्यांवर कसलीच सक्ती नाहीं असे तरुण-तरुणी केक भाजतांना कांचेआड तो फुगतो कीं नाहीं हें वांकून पाहतात. सक्ती गेली तरी कृति उरली. यावरून आनंद कृतींतही होता असें मानावयास हरकत नाहीं. आमच्या अन्नाचा इतिहास जो कोणी लिहील, त्यानें राजांच्या ताटांबरोबर कढईपुढच्या व भट्टीच्या दाराशीं वाट पाहणाऱ्या या माणसांचीही नोंद करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.